भाजल्यानंतर जाड झालेला वळ, न मिटणारी बोटं आणि माशाच्या कातडीचा व्हिडिओ

प्रश्न थोडक्यात असा आलाय. आई, वय ५४, गाव गुहागरच्या बाजूला. गणपतीत चुलीवरचा आधणाचा टोप उतरवताना कलंडला आणि उजव्या हाताची मागची बाजू, बोटांपासून मनगटाच्या थोडं वरपर्यंत भाजली. घरच्यांनी टूथपेस्ट लावली, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, ड्रेसिंग महिनाभर चाललं. जखम भरली तेव्हा सगळ्यांना वाटलं सुटलो. आता भाजल्याला तीन महिने होऊन गेलेत आणि त्याच जागी लाल, जाड, कडक वळ आलाय, रात्री खाजेनं झोप नाही, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याला टेकत नाही. डॉक्टरांनी घट्ट मोजा दिलाय तो आई घालत नाही. शेजारी म्हणतात आपोआप जाईल, मुंबईचा भाऊ म्हणतो लेझर करू, आणि कुणीतरी माशाची कातडी लावून भाजलेलं बरं होतं असा व्हिडिओ पाठवलाय. नक्की काय करायचं?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे दुखावलेला हात परत रोजच्या कामाला लावायला शिकवते. मुंबईत बर्न्सच्या, म्हणजे भाजलेल्या, पेशंटबरोबर अकरा वर्षं काम केलं आणि आता आठ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातच आहे, त्यामुळे असे हात मी खूप बघितलेत. सगळ्यात आधी एक सांगते, तुमच्या प्रश्नात डागाबद्दल पाच ओळी आहेत आणि बोटं मिटत नाहीत ही गोष्ट अर्ध्या ओळीत उरकलीय. माझ्या दृष्टीनं ते बरोब्बर उलटं आहे. डागाला वेळ आहे, बोटांना नाहीये.

जखम भरली म्हणजे भाजणं संपलं असं आपण धरून चालतो, इथेच गडबड होते. वरून कातडी आली तरी खाली काम चालूच असतं, आणि ते महिनाभर नाही तर वर्ष, दीड वर्ष, कधी कधी दोन वर्षं चालतं. भाजलेल्या जागी शरीर कोलॅजन ओततं, म्हणजे कातडीला धरून ठेवणारे धागे. चांगल्या कातडीत हे धागे नीट विणलेल्या जाळ्यासारखे असतात, ताणले की सगळीकडून थोडे थोडे लांबतात. वळात मात्र ते गुंता झालेल्या जाळ्यासारखे पडतात, एका बाजूला दाट गाठी आणि लांबायला जागाच नाही. त्यात भर म्हणजे मायोफायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी, १९७१ मध्ये गाब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जखमेतल्या या पेशी दाखवून दिल्या. या पेशी नुसते धागे बनवत नाहीत तर स्नायूसारख्या आकसतात, जखमेच्या कडा जवळ ओढतात. जखम बंद व्हायला ते लागतंच, पण भाजलेल्या जागी या पेशी काम झाल्यावर गप्प बसत नाहीत, ओढतच राहतात. दिवसा ओढतात, रात्री झोपेत ओढतात. तुमच्या आईंच्या हातात आत्ता हेच चाललंय. म्हणून "आपोआप जाईल" हे अर्धंच खरं. लाली आणि जाडी काळानं बरीचशी कमी होते हे बरोबर, पण तोपर्यंत सांधा ज्या स्थितीत ओढला गेला त्याच स्थितीत अडकतो, तो आपोआप सुटत नाही.

आता स्वतःचा हात बघा, मूठ घट्ट मिटा आणि हाताच्या मागच्या कातडीकडे बघा. किती ताणली जाते ती! सरळ हातावर तीच कातडी सैल, सुरकुतलेली असते, ती ढील मूठ मिटण्यासाठीच ठेवलेली आहे. मागची बाजू भाजली की ती ढीलच गेली, मग मूठ मिटणार कशी. वळ बोटांना मुळापासून मागे खेचतो, आणि करंगळी कडेला असते ना, ती सगळ्यात आधी जाते.

तुमच्याच बाबतीत वळ एवढा जाड का झाला याचं उत्तर बरंचसं त्या "महिनाभर ड्रेसिंग" मध्ये आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत डाइच नावाच्या सर्जननी आणि त्यांच्या टीमनी भाजलेल्या जागा किती दिवसांत भरल्या आणि पुढे वळ जाड झाला की नाही याचा हिशेब मांडला. १४ ते २१ दिवसांत भरलेल्या जागांपैकी साधारण एक तृतीयांश जागी जाड वळ आला, आणि २१ दिवसांच्या पुढे गेलेल्या जागांपैकी ७८ टक्के. म्हणजे तीन आठवडे ही जवळपास एक सीमारेषा आहे. आजही जगभर बर्न्सचे डॉक्टर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जखम बघून ठरवतात की ही वेळेत भरेल का, नसेल भरत तर मेलेली कातडी काढून पातळ स्किन ग्राफ्ट, म्हणजे अंगाच्या दुसऱ्या जागची कातडी, लावावं का. लवकर काढा आणि लगेच झाका ही पद्धत रूढ केली ती झोरा यान्झेकोविच या डॉक्टर बाईंनी, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या मारिबोर या गावातून, त्यांचा लेख १९७० चा. त्याआधी मेलेली कातडी आपोआप गळून पडायची वाट बघत आठवडेच्या आठवडे जायचे. मोठं शहर नाही, साधनं बेताची, तरी तिथून हे निघालं, म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. आपल्याकडे गावातून ग्राफ्टसाठी मोठ्या हॉस्पिटलला जायचं म्हटलं की घरचे घाबरतात आणि ड्रेसिंगच चालू ठेवतात, मी कुणाला दोष देत नाही, कारण रत्नागिरीहून मुंबई म्हणजे ३०० किलोमीटरच्या वर आणि कोल्हापूर म्हणजे घाट. पण पुढे घरात कुणाला झालं तर एवढं ध्यानात ठेवा, दोन आठवड्यांनी जखम भरायची लक्षणं नसतील तर प्लास्टिक सर्जनला एकदा दाखवायचंच.

आणि टूथपेस्टचं आता वाईट वाटून घेऊ नका, निम्म्या घरांत तेच होतं. पण सांगायला हवं म्हणून सांगते. भाजल्यावर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरायचं, घड्याळ लावून, बर्फ नाही, बर्फाचं पाणी नाही. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. ऑस्ट्रेलियात २,४९५ भाजलेल्या मुलांचा अभ्यास २०२० मध्ये आला, त्यात पुरतं २० मिनिटं वाहतं पाणी मिळालेल्या मुलांना स्किन ग्राफ्ट लागण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त कमी निघाली. एवढा फरक पाडणारं महागडं मलम मला तरी माहीत नाही. कारणही साधं आहे, भाजलेल्या जागेच्या मधोमध जे मेलं ते मेलं, पण त्याच्या भोवतीचा पट्टा अधांतरी असतो, पुढच्या तासांत जगेल किंवा मरेल असा. १९५३ मध्ये जॅक्सन नावाच्या इंग्लिश सर्जननी भाजलेल्या जागेचे असे पट्टे समजावून सांगितले. पाणी त्या अधांतरी पट्ट्याला वाचवतं. आपल्याकडे विहीर आहे, नळ आहे, तांब्यानं सतत ओतत राहिलं तरी चालतं. आणि बांगड्या, अंगठी लगेच काढायची, नंतर हात सुजतो आणि मग कापूनच काढावं लागतं. लहान पोर किंवा अंगभर भाजलेला माणूस असेल तर थंडी भरू नये म्हणून बाकीचं अंग झाकायचं.

बरं, आता आईंकडे येऊ. पहिलं काम व्यायामाचं नाही, तपासायचं आहे. आईंना सांगा हात टेबलावर पालथा ठेवा आणि बोटं स्वतःच्या ताकदीनं सरळ करा. कुठल्या बोटाचं मधलं पेर वाकलेलंच राहतंय का, सरळ होतच नाहीये का, हे बघा. बोटांच्या मागे त्या पेरावर कातडी फार पातळ असते आणि लगेच खाली बोट सरळ करणारी नस असते, नस म्हणजे टेंडन. भाजण्यात ती दुखावलेली असली तर मधलं पेर वाकडं राहतं आणि टोकाचं पेर मागे जातं. असं दिसलं तर घरी मूठ आवळायचे व्यायाम अजिबात सुरू करू नका. बोट सरळ ठेवणारा स्प्लिंट, म्हणजे कडक आधार, लागेल आणि हाताच्या सर्जनला दाखवावं लागेल, नाहीतर आहे ती नसही पार जाईल. हे सांगायला मी मुद्दाम जागा घेतेय कारण असे दोन हात मी बघितलेत जिथे घरच्यांनी प्रेमानं रोज मूठ आवळून आवळून नुकसान केलं.

पेर सरळ होत असेल आणि फक्त मूठ मिटत नसेल तर मग काम सुरू. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दहा मिनिटं मसाज. तेल कुठलं हा प्रश्न मला रोज येतो, घरचं खोबरेल चालतं, वासाचं क्रीम नको. वळाला घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी जवळजवळ राहत नाहीत म्हणून ती जागा कोरडी पडते, तडकते, तेल त्याच्यासाठी. चमत्कार तेलात नाही, दाबात आणि ताणण्यात आहे. अंगठ्यानं एवढं दाबायचं की वळ पांढरा पडेल, मग गोल, आडवं, उभं. घासायचं नाही, नव्या कातडीवर घासलं की फोड येतो. वरची कातडी सरकवण्यापेक्षा खालचा वळ हलवायचा आहे असं समजा. त्यानंतर लगेच ताण, आधी बोटाचं मुळातलं पेर वाकवा, मग मधलं, मग टोकाचं, वळ पांढरा होईपर्यंत न्या आणि तिथेच थांबा, मनात तीस आकडे मोजा. झटका द्यायचा नाही. झटक्यानं वळ आतून फाटतो, सूज येते आणि शरीर तिथे अजून धागे ओततं, म्हणजे आपणच काम वाढवतो. दुसऱ्या दिवशी हात सुजलेला आणि जास्त दुखरा असेल तर समजा काल जास्त झालं.

एक युक्ती मी जवळपास सगळ्यांना देते. कोमट पाण्यात हात दहा मिनिटं ठेवा, बुडवायच्या आधी पाणी डाव्या हातानं बघून घ्या. मसाज करा, मग बोटं जेवढी मिटतात तेवढी मिटून क्रेप बँडेजनं हलकं गुंडाळून वीस मिनिटं बसा. सिरियल बघत बसल्या तरी चालेल. बोटांची टोकं निळी, बधिर वाटली तर सोडा. वळाला जोरापेक्षा वेळ हवा असतो, हळू आणि जास्त वेळ दिलेल्या ताणानं तो लांबतो.

आणि खरा व्यायाम स्वयंपाकघरात आहे, हे माझं ठाम मत. रबरी बॉल आणून दिला तर चार दिवसांनी तो कोपऱ्यात दिसतो. पण तांदळाच्या पिठाची उकड मळायची, भाकरी थापायची, नारळ खवताना करवंटी मुठीत धरायची, ओला पंचा पिळायचा, हे सगळं आईंना येतं आणि करावंसं वाटतं. उकड थोडी निवल्यावर मळायची, गरम असताना नाही, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण वळावरची कातडी गरम-गार नीट ओळखत नाही. भाजलेल्याच हाताला परत भाजलेलं मी बघितलंय आणि त्या बाईंना कळलंसुद्धा नव्हतं, फोड आला तेव्हा कळलं. मासे साफ करताना जाड रबरी हातमोजा, काटा लागला तर तोही कळत नाही.

मोजायला विसरू नका. फूटपट्टी घ्या, मूठ मिटायला सांगा आणि करंगळीचं टोक तळव्यापासून किती सेंटीमीटर लांब राहतं ते भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा. दर रविवारी. डोळ्यांना फरक दिसत नाही, फूटपट्टीला दिसतो, आणि आकडा अर्धा सेंटीमीटर कमी झालेला दिसला की पुढचा आठवडा आई स्वतःहून करतात.

आता तो मोजा. प्रेशर गारमेंटचं, म्हणजे अशा दाब देणाऱ्या मोज्याचं, शास्त्र असं की साधारण २० ते ३० मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब वळावर सतत राहिला तर तो चपटा आणि मऊ व्हायला मदत होते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत गॅल्व्हेस्टनच्या बर्न्स हॉस्पिटलमधून हे जगभर पसरलं आणि "दिवसाचे २३ तास, वर्ष-दीड वर्ष" हा मंत्र तेव्हापासून चालत आलाय. पण पुरावा किती पक्का? २००९ मध्ये आधीचे सगळे प्रयोग एकत्र करून बघितले तर वळाच्या एकूण गुणांमध्ये फारसा फरक निघाला नाही, उंचीत थोडा निघाला. नंतर २०१० मध्ये एक छान अभ्यास आला, बारा वर्षं चाललेला, त्यात एकाच हातावर अर्ध्या वळाला नीट दाब आणि अर्ध्याला कमी दाब देऊन तुलना केली. त्यात दिसलं की दाबानं वळ मऊ आणि पातळ होतो, पण फायदा मुख्यतः ज्यांचे वळ मध्यम ते जास्त जाड होते त्यांनाच. तुमच्या वर्णनावरून आई त्या गटात बसतात, म्हणून मोजा फुकट नाहीये.

पण तो अभ्यास आपल्या हवेत झालेला नाही. इथे मे महिन्यात आणि पावसाळ्यात नायलॉनचा घट्ट मोजा २३ तास म्हणजे काय हे कोकणात राहणाऱ्यालाच कळेल. मी मुंबईहून नवीन आले तेव्हा पुस्तकाप्रमाणेच सांगायचे. मालवणकडच्या एक मावशी होत्या, त्यांनी विचारलं, "ह्यो मोजो घालून भाकरी कशी थापू गो?" आणि मी त्यांना भाकरी सुनेला थापू दे असं सांगून पाठवलं. त्यांनी माझं ऐकलं, इमानदारीत २३ तास घातला, आणि तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी भिजकी, बुरशी झालेली, आणि हात न वापरल्यामुळे मूठ आधीपेक्षा कमी मिटत होती. ती चूक माझी होती, त्यांची नाही. तेव्हापासून माझा हिशेब वेगळा आहे. स्वयंपाक, आंघोळ, व्यायाम यावेळी मोजा काढायचा. बाकी वेळ आणि रात्र पूर्ण घालायचा. सोळा-सतरा तास रोज नियमानं घातलेला मोजा हा चार दिवस २३ तास घालून कपाटात गेलेल्या मोज्यापेक्षा चांगला, हे अभ्यासातून नाही, माझ्या अनुभवातून सांगतेय. दोन मोजे शिवून घ्या, एक हातात आणि एक दोरीवर, कारण पावसात वाळत नाहीत. बोटांची टोकं उघडी असलेला शिवायला सांगा म्हणजे हातानं काम करता येतं. बेचक्यात आधी कोरडं पुसा. दोन-तीन महिन्यांनी मोजा सैल पडतो, सैल मोज्याचा काही उपयोग नाही, बदलावा लागतो. ज्या मोज्यावर बोट सहज आत सरकतं तो मोजा संपला.

सिलिकॉन शीट मिळाली तर मोज्याच्या आत वळावर ठेवा. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा भाजलेल्या वळांवर वापरल्याचं छापून आलं. ती दाबामुळे नाही तर ओल धरून ठेवल्यामुळे काम करते असं मानतात. पुरावा कमकुवत आहे असं मोठे आढावे सांगतात, तरी धोका कमी आणि अनेकांचा वळ मऊ होताना मी बघितलाय म्हणून देते. पहिल्या दिवशी तीन-चार तास, मग वाढवत न्या. रोज साबणानं धुवायची, घामोळं आलं तर दोन दिवस बंद. उघड्या जखमेवर कधीच नाही.

खाजेबद्दल जरा जास्त बोलते कारण घरात तिला कुणी मोजत नाही. पेशंटला मात्र दुखण्यापेक्षा खाज जास्त छळते. खूप वर्षं डॉक्टरच वळाला मार्क द्यायचे, रंग, मऊपणा, जाडी, रक्ताची लाली अशी १९९० ची व्हँकुव्हर स्केल. २००४ मध्ये नेदरलँड्सच्या लोकांनी नवीन मोजपट्टी आणली त्यात पेशंटला स्वतःला विचारलं, दुखतं का, खाजतं का, रंग कसा वाटतो, कडक वाटतं का, जाड वाटतं का, खडबडीत वाटतं का. मला हा बदल फार मोठा वाटतो. कारण ज्याचा हात आहे त्याला विचारायची अक्कल यायला एवढी वर्षं लागली. खाज आधी हिस्टामिनची, म्हणजे ऍलर्जीत शरीर सोडतं त्या रसायनाची, म्हणून ऍलर्जीच्या गोळ्या देतात, थोडा आराम पडतो, पण भाजल्यानंतरची जुनाट खाज बऱ्याचदा नसांमधून येते, ज्ञानतंतूंमधून, तिथे गॅबापेंटिनसारखं औषध जास्त लागू पडतं. ते स्वतः आणायचं नाही, गुंगी येते, डॉक्टरांना "रात्री खाजेनं झोप होत नाही" असं शब्द न चोरता सांगा. बाकी गार पाण्याची पट्टी, मसाज, सुती कपडे, आणि नखानं खाजवायच्या ऐवजी तळव्यानं दाबायचं.

लेझर. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर वळात बारीक बारीक भोकं पाडतो, कडकपणा आणि खाज कमी झाल्याचे अनुभव आहेत, मोठे पक्के प्रयोग अजून कमी. पैसे लागतात आणि बऱ्याच फेऱ्या लागतात. भावाला सांगा त्याची तयारी चांगली आहे, पण लेझरनं सांधा सुटत नाही. आधी मूठ. त्याच पैशात मोजे, सिलिकॉन आणि दर आठवड्याला थेरपिस्टकडे जायचं भाडं निघतं. वळात एखादी गाठ फारच उंच असेल तर तिच्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, ट्रायमसिनोलोन, तेही सगळ्या हातभर देण्याची गोष्ट नाही.

आता माशाची कातडी. व्हिडिओ खोटा नाही. ब्राझीलमध्ये फोर्टालेझाच्या डॉक्टरांनी तिलापिया माशाची, आपल्याकडे चिलापी म्हणतात ती, कातडी भाजलेल्या जखमांवर ड्रेसिंग म्हणून वापरली, तिच्यात कोलॅजन भरपूर असतं आणि ती जखमेला चिकटून राहते म्हणून ड्रेसिंग सारखं बदलावं लागत नाही. आइसलँडमध्ये कॉड माशाच्या कातडीपासून तसंच काही बनवतात. पण ती कातडी निर्जंतुक करून, प्रक्रिया करून वापरतात, बाजारातून आणलेल्या माशाची नाही. आणि ती ताज्या जखमेसाठी आहे, तुमच्या आईंची जखम भरून दोन महिने झाले. वळावर माशाची कातडी ठेवून काहीही होणार नाही, आणि ताज्या जखमेवर घरची ठेवली तर जंतू जातील, हे किनाऱ्यावरच्या गावांत जरा मोठ्यानं सांगायला हवं कारण मासा हाताशी असतो.

आपल्याकडे यापेक्षा आपलं असं संशोधन झालंय ते कुणी व्हिडिओत सांगत नाही. मुंबईत डॉ. मनोहर केसवानींनी १९८० च्या दशकात बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग केलं. सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग तपासलं, २००३ मध्ये ते बर्न्सच्या आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये आलं. पान गुळगुळीत, मेणचट, जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही आणि खूप स्वस्त. तेही ऑटोक्लेव्ह केलेलं, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक केलेलं, परसातून तोडून आणलेलं नाही. ज्यानं एकदा चिकटलेलं गॉज ओढून काढताना माणसाला ओरडताना ऐकलंय त्याला "काढताना दुखत नाही" या तीन शब्दांची किंमत कळेल. त्याच सायनला २००० मध्ये स्किन बँक सुरू झाली. नेत्रदानासारखंच त्वचादान असतं, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, पाठ आणि मांडी-पायाच्या कातडीचा अगदी पातळ थर घेतात, चेहऱ्याला हात लावत नाहीत. ती कातडी ग्लिसरॉलमध्ये वर्षानुवर्षं टिकते आणि अंगभर भाजलेल्या माणसाचा जीव त्यानं वाचू शकतो. घरात बोलून ठेवा.

संशोधनातलं एक अजून सांगते, कारण ते आपल्या कामाशी जुळतं. वळ न येऊ देणारं औषध शोधायचा प्रयत्न खूप जुना आहे. इंग्लंडमध्ये एका औषधावर फार आशा होती, ते २०११ मध्ये शेवटच्या टप्प्यात फसलं. मग २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी उंदरांमध्ये दाखवलं की जखमेवरचा ताण काही पेशींना वळ बनवायचा निरोप देतो, आणि तो निरोप व्हर्टेपोर्फिन नावाच्या औषधानं अडवला तर कातडी केसांसकट जवळपास पहिल्यासारखी आली. उंदीर आहेत, उंदराची कातडी सैल असते, माणसाच्या हातावर हे कधी येईल ते येईल. पण त्यातला ताणाचा मुद्दा बघा. दिवसभर झटके देत ओढाताण करणं वाईट का आणि हळू धरलेला ताण चांगला का, याला इथे कुठेतरी आधार मिळतो असं मला वाटतं.

खाण्याचं पथ्य. "मासे खाल्ले तर जखम चिघळते, भात नको, अंडं नको" हे आईंना कुणीतरी सांगितलं असणारच. बंद करा ते. मोठ्या भाजण्यात शरीर महिनोन्‌महिने स्वतःचे स्नायू जाळतं, तिथे तर नेहमीपेक्षा जवळपास दुप्पट प्रोटीन लागतं. आईंचं भाजणं तेवढं मोठं नव्हतं, पण पेज-लोणच्यावर कातडी बनत नाही. बांगडा, पेडवे, अंडं, कुळथाची पिठी, जे घरात आहे ते पोटभर द्या.

ऊन टाळायचं. नवा वळ उन्हानं काळा पडतो आणि तो काळेपणा राहतो, पूर्ण बाहीचा ब्लाउज किंवा वर ओढणी, उघड्या जागी सनस्क्रीन.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की आई हल्ली हात पदराखाली ठेवतात आणि हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. हे सहज नाहीये. वळ किती मोठा आहे आणि माणूस किती खचतो याचं साधं गणित नसतं, छोट्या वळानंही माणूस घरात कोंडून घेतो. "काय ते एवढं, हात तर आहे" असं कुणाला बोलू देऊ नका, तुम्हीही नाही. त्या डागाला हात लावून मसाज तुम्ही स्वतः करा निदान रात्रीचा, मुलानं न किळसता हात धरला याचा परिणाम मी बघितलाय. रडू येत असेल, झोपेत टोप कलंडताना दिसत असेल, चुलीजवळ जायची भीती वाटत असेल तर डॉक्टरांना तेही सांगायचं, त्यालाही उपचार आहेत.

ऑपरेशन लागेल का? सहसा वळ पिकेपर्यंत, म्हणजे फिका, मऊ, चपटा होईपर्यंत, वर्षभर तरी थांबतात, कारण लाल वळ कापला तर परत तसाच येतो. पण हात, मान, पापण्या, तोंड यांना हा नियम लागू नाही, सांधा अडकायला लागला की आधीच सोडवतात, झेड-प्लास्टी, म्हणजे झेडच्या आकाराची चीर देऊन वळाचा ताण सोडवणं, किंवा वळ सोडवून ग्राफ्ट. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार आहेत, तुमच्या आईंचं ऑपरेशन त्यात बसतं का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला कार्ड घेऊन जाऊन विचारा. माझा अंदाज, न बघता दिलेला म्हणून अंदाजच, सहा आठवडे नीट काम करा. करंगळीचा आकडा कमी होत असेल तर ऑपरेशनचं नाव काढू नका. सलग तीन रविवार तोच आकडा राहिला, किंवा बोट मुळापासून मागे उलटं वळायला लागलं, तर थांबू नका, प्लास्टिक सर्जन. आणि अजून खूप वर्षांनी सुद्धा त्या वळावर एखादी जखम महिनोन्‌महिने भरली नाही तर दाखवायची, जुन्या वळात क्वचित कॅन्सर होतो.

मधल्या पेराची तपासणी मात्र आजच करा, आणि पेर वाकडं राहत असेल तर वरचे मूठ मिटायचे व्यायाम सोडून फक्त मसाज, आणि याच आठवड्यात दाखवायला जा. जाताना मोजा, जुने ड्रेसिंगचे कागद आणि जखम पहिल्या आठवड्यात कशी दिसत होती त्याचा मोबाईलमधला फोटो असेल तर तो बरोबर न्या, त्यावरून भाजणं किती खोल होतं याचा अंदाज येतो.